स्तन इम्प्लांटची निवड

स्तन इम्प्लांट हे स्तनाचे आकारमान वाढवण्यासाठी किंवा कर्करोगामुळे काढून टाकलेल्या स्तनाची पुनर्रचना करण्यासाठी शरीरात बसवले जाणारे कृत्रिम साधन आहे. त्याचे बाह्य कवच लवचीक सिलिकॉन रबराचे असते व आत सिलिकॉन जेल किंवा निर्जंतुक क्षारजल (सलाइन) भरलेले असते. इम्प्लांटद्वारे स्तनवर्धन ही जगात सर्वाधिक केल्या जाणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी एक आहे.

शस्त्रक्रियेनंतर स्तन नैसर्गिक दिसावा, ही बहुतेक स्त्रियांची प्रमुख अपेक्षा असते. मात्र नैसर्गिकपणा हा कोणत्याही एका इम्प्लांटचा अंगभूत गुण नाही. इम्प्लांटची मापे, त्याला झाकणाऱ्या ऊतींची जाडी आणि ते ज्या थरात बसवले जाते ती जागा या तिन्हींच्या मेळावर अंतिम रूप अवलंबून असते. त्यामुळे एका स्त्रीच्या शरीरावर सहज दिसणारे इम्प्लांट दुसरीच्या शरीरावर कृत्रिम दिसू शकते.

== नैसर्गिक स्तनाची रचना ==

प्रौढ स्त्रीचा स्तन साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या बरगडीदरम्यान, उरोस्थीच्या कडेपासून काखेच्या दिशेने पसरलेला असतो. तो दुग्धग्रंथी, चरबी, संयोजी ऊती आणि त्वचा यांचा बनलेला असतो. त्याच्या मागे पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू असतो. स्तनाला आतून आधार देणाऱ्या तंतुमय पट्ट्यांना कूपरचे अस्थिबंध म्हणतात. वय, गर्भारपण, स्तनपान आणि वजनातील चढउतार यांमुळे या पट्ट्या व त्वचा सैल होत जातात. स्तनाच्या खालच्या कडेला जेथे त्वचा छातीला मिळते, तेथील रेषेला स्तनाखालील घडी म्हणतात. शस्त्रक्रियेच्या आखणीत ही घडी महत्त्वाची खूण मानली जाते.

बाजूने पाहिल्यास नैसर्गिक स्तनाचा वरचा भाग गळ्याच्या हाडाकडून स्तनाग्राकडे सरळ किंवा किंचित खोलगट उतरतो, तर खालचा भाग गोलाईदार असतो. ब्रिटिश प्लास्टिक सर्जन पॅट्रिक मालुची आणि ऑलिव्हर ब्रॅनफर्ड यांनी २०१२ मध्ये १०० मॉडेल स्त्रियांच्या छायाचित्रांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आकर्षक मानल्या जाणाऱ्या स्तनांमध्ये स्तनाग्राच्या वरचा व खालचा भाग सुमारे ४५:५५ या प्रमाणात असतो आणि स्तनाग्र किंचित वरच्या दिशेला वळलेले असते, असे त्यांनी नोंदवले. पुढील पाहणीत अनेक देशांतील प्रतिसादकांनीही याच प्रमाणाला पसंती दिली. वरचा भाग फुगीर व चेंडूसारखा गोल झाला की स्तन कृत्रिम वाटतो, या सर्वसाधारण निरीक्षणाला या प्रमाणाने मोजता येण्याजोगा आधार मिळाला. तथापि हे प्रमाण म्हणजे सौंदर्याचा सार्वत्रिक नियम नाही. निरोगी स्तनांच्या आकारात मोठे वैविध्य असते.

== इतिहास ==

जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शल्यविशारद विन्सेंझ चेर्नी यांनी १८९५ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या शरीरावरील चरबीची गाठ तिच्या स्तनातील पोकळी भरण्यासाठी वापरली. ही स्तन-पुनर्रचनेची पहिली नोंदवलेली शस्त्रक्रिया मानली जाते. पुढील काळात पॅराफिन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉन थेट स्तनात टोचण्याचे प्रयोग झाले. त्यांतून गाठी, जंतुसंसर्ग व ऊतींचा नाश असे गंभीर परिणाम उद्भवल्याने ते मागे पडले.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी १९६२ मध्ये सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट एका स्त्रीच्या शरीरात बसवले. डाऊ कॉर्निंग या कंपनीने त्याचे उत्पादन केले. १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सलाइनचे इम्प्लांट आले. १९७० च्या दशकात पातळ कवच व पातळ जेल असलेली इम्प्लांट वापरात आली. ती स्पर्शाला मऊ होती, पण त्यांतून जेल झिरपण्याचे व ती फाटण्याचे प्रमाण अधिक होते. त्यामुळे पुढच्या पिढ्यांत कवच अधिक मजबूत आणि जेल अधिक घट्ट करण्यात आले.

उत्पादकांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा दिला नसल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांटच्या सौंदर्यासाठीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी घातली. पुनर्रचनेसाठी आणि वैद्यकीय चाचण्यांपुरता वापर चालू राहिला. हजारो दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंगने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सिलिकॉन इम्प्लांटमुळे संपूर्ण शरीराला ग्रासणारे आजार होतात याचा खात्रीलायक पुरावा नाही, मात्र स्थानिक गुंतागुंत हीच मुख्य समस्या आहे, असा निष्कर्ष काढला. २००६ मध्ये दोन कंपन्यांच्या सिलिकॉन जेल इम्प्लांटना पुन्हा मान्यता मिळाली.

२०१० मध्ये फ्रान्समधील पॉली इम्प्लांट प्रोथेस या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले. जगभरातील सुमारे ३ लाख स्त्रियांच्या शरीरात ही इम्प्लांट बसवलेली होती. कंपनीचे संस्थापक ज्याँ-क्लोद मास यांना २०१३ मध्ये ४ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. या प्रकरणानंतर युरोपमध्ये वैद्यकीय उपकरणांचे नियम कडक करण्याच्या मागणीला जोर आला.

== इम्प्लांटचे प्रकार ==

=== भरावानुसार ===

सलाइन इम्प्लांटचे कवच सामान्यतः रिकामे बसवून नंतर भरले जाते. त्यामुळे छेद लहान पुरतो आणि आकारमानात थोडा फेरफार करता येतो. ते फुटल्यास सलाइन शरीरात निरुपद्रवीपणे शोषले जाते व स्तन बसल्याने बिघाड लगेच लक्षात येतो. मात्र त्याचा स्पर्श पाण्याच्या पिशवीसारखा वाटू शकतो आणि पातळ त्वचेखाली सुरकुत्या दिसण्याची शक्यता अधिक असते.

सिलिकॉन जेलचा स्पर्श नैसर्गिक स्तनाला अधिक जवळचा असतो. जेलचे कण एकमेकांना किती धरून राहतात, त्याला संसक्ती म्हणतात. कमी संसक्तीचे जेल मऊ असते व हालचालीबरोबर हलते, परंतु त्यावर सुरकुत्या पडू शकतात. जास्त संसक्तीचे जेल आकार टिकवून धरते, पण स्पर्शाला काहीसे कडक लागते. दिसणे आणि स्पर्श यांत येथे काही प्रमाणात तडजोड करावी लागते.

=== आकारानुसार ===

गोल इम्प्लांट सर्व बाजूंनी सारखे असते, तर शरीररचनानुरूप इम्प्लांट थेंबाच्या आकाराचे, वर निमुळते व खाली भरीव असते. थेंबाचा आकार नैसर्गिक स्तनाशी मिळताजुळता असल्याने परिणामही अधिक नैसर्गिक येतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात स्त्री उभी असताना गोल इम्प्लांटमधील मऊ जेलही गुरुत्वाकर्षणाने खाली सरकते व त्याला थेंबासारखा आकार येतो. ती आडवी झाल्यावर ते पुन्हा पसरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेदरम्यान एकाच स्त्रीच्या एका बाजूला गोल व दुसऱ्या बाजूला थेंबाकार इम्प्लांट ठेवून तुलना करण्यात आली. कोणत्या बाजूला कोणते इम्प्लांट आहे, हे प्लास्टिक सर्जनांनाही खात्रीने ओळखता आले नाही.

थेंबाकार इम्प्लांट आत फिरल्यास स्तनाचा आकार बिघडतो. गोल इम्प्लांटच्या बाबतीत फिरण्याने बाह्यरूपात फरक पडत नाही. स्तनाचा खालचा भाग अविकसित असल्यास, छातीची रुंदी व उंची यांत मोठी तफावत असल्यास किंवा पुनर्रचनेच्या काही प्रसंगी थेंबाकार इम्प्लांट उपयुक्त ठरते.

=== पृष्ठभागानुसार ===

कवचाचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरखरीत असतो. खरखरीत पृष्ठभागाला ऊती चिकटून राहतात, म्हणून थेंबाकार इम्प्लांट फिरू नये यासाठी तो दिला जातो. परंतु याच पृष्ठभागाचा लसिका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध आढळला आहे. त्यामुळे आकाराची निवड ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही, तर तिच्याबरोबर पृष्ठभागाचा व पर्यायाने जोखमीचा निर्णयही होतो.

== मापनावर आधारित निवड ==

पूर्वी इम्प्लांटची निवड मुख्यतः रुग्णाने सांगितलेल्या ब्राच्या कपावरून होत असे. कपाचे माप उत्पादकागणिक बदलते आणि छातीच्या घेरावरही अवलंबून असते, त्यामुळे ते विश्वासार्ह ठरत नाही. अमेरिकन शल्यविशारद जॉन टेबेट्स यांनी ऊतींच्या मापनावर आधारित निर्णयपद्धती रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. अशा पद्धतींत पुढील मापे घेतली जातात.

* '''तळरुंदी''' – छातीवरील स्तनाची आडवी रुंदी. इम्प्लांटचा व्यास या रुंदीपेक्षा कमी असावा लागतो, कारण इम्प्लांटच्या दोन्ही कडांवर ऊतींचे आवरण उरणे आवश्यक असते.
* '''चिमटीतील जाडी''' – स्तनाच्या वरच्या, आतल्या व बाहेरच्या भागातील त्वचा व चरबी चिमटीत धरून मोजलेली जाडी. वरच्या भागात ती २ सें.मी. पेक्षा कमी असल्यास इम्प्लांट स्नायूखाली झाकण्याचा विचार केला जातो.
* '''त्वचेची ताणक्षमता''' – स्तनमंडलाच्या कडेची त्वचा पुढे ओढल्यावर किती येते ते अंतर. त्यावरून त्वचा किती भार सामावून घेईल याचा अंदाज येतो.
* '''स्तनाग्र ते घडी हे अंतर''' – त्वचा ताणून मोजलेले हे अंतर स्तनाच्या खालच्या भागात किती जागा आहे हे दाखवते.

तळरुंदी व चिमटीतील जाडी यांवरून इम्प्लांटचा व्यास ठरवण्याची एक सोपी रीत आहे. आतल्या व बाहेरच्या चिमटीतील जाडींची बेरीज करून तिचा निम्मा भाग तळरुंदीतून वजा केला जातो. उदाहरणार्थ, तळरुंदी १३ सें.मी., आतली जाडी १.५ सें.मी. आणि बाहेरची २.५ सें.मी. असल्यास इम्प्लांटचा व्यास सुमारे ११ सें.मी. येतो.

इम्प्लांटचे आकारमान मिलिलिटर किंवा ग्रॅममध्ये सांगितले जाते, पण केवळ या आकड्यावरून परिणाम कळत नाही. व्यासाबरोबर त्याचा प्रक्षेप, म्हणजे ते छातीपासून किती पुढे येते, हेही पाहावे लागते. समान आकारमानाची दोन इम्प्लांट घेतली, तर अरुंद इम्प्लांट अधिक पुढे येते आणि रुंद इम्प्लांट अधिक पसरट असते. ३०० मि.लि.चे इम्प्लांट रुंद छातीवर माफक, तर अरुंद छातीवर ठळक दिसू शकते. स्तनाच्या रुंदीत न मावणारे इम्प्लांट बसवल्यास त्याच्या कडा दिसतात, दोन्ही स्तन मध्यभागी एकमेकांना भिडू शकतात किंवा काखेकडील भाग फुगतो. अति जड इम्प्लांटमुळे कालांतराने ऊती पातळ होतात व त्वचा ओघळते. ही हानी भरून काढणे कठीण असते.

अपेक्षित परिणामाची कल्पना यावी म्हणून ब्रामध्ये नमुना इम्प्लांट ठेवून पाहणे किंवा त्रिमितीय छायाचित्रणावरून प्रतिमा तयार करणे अशी साधने वापरली जातात. ऊती प्रत्यक्षात कशा ताणल्या जातील व जखम कशी भरेल, हे मात्र त्यांतून अचूक सांगता येत नाही.

== स्तनांची पूर्वस्थिती ==

बहुसंख्य स्त्रियांचे दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसतात. आकार, घडीची पातळी, स्तनाग्राची जागा किंवा बरगड्यांची ठेवण यांत थोडाफार फरक असतोच. इम्प्लांटमुळे आकारमानातील फरक कमी करता येतो, परंतु हाडांच्या ठेवणीतील फरक तसाच राहतो व कधी अधिक उठून दिसतो. दोन्ही स्तनांमधील अंतर प्रामुख्याने छातीच्या रचनेवर ठरते.

स्तनाग्र स्तनाखालील घडीच्या खाली गेलेले असल्यास केवळ इम्प्लांटने ओघळ दूर होत नाही. अशा वेळी स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे मॅस्टोपेक्सी, करावी लागते. ती टाळून मोठे इम्प्लांट बसवल्यास मूळ स्तन इम्प्लांटवरून खाली लोंबल्यासारखा दिसू शकतो.

== रोपणाची जागा व छेद ==

इम्प्लांट दुग्धग्रंथीच्या मागे व स्नायूच्या वर, किंवा पेक्टोरॅलिस स्नायूखाली बसवता येते. पहिल्या पद्धतीत वेदना कमी होतात व स्नायूच्या हालचालीने स्तन विकृत होत नाही, पण झाकणाऱ्या ऊती पुरेशा जाड असाव्या लागतात. दुसऱ्या पद्धतीत वरची कड स्नायूने झाकली गेल्याने सडपातळ स्त्रीमध्ये वरचा उतार सहज दिसतो. तथापि व्यायाम करताना किंवा हात जोर लावून हलवताना इम्प्लांट वर-बाहेर सरकताना दिसू शकते. टेबेट्स यांनी २००१ मध्ये मांडलेल्या द्विस्तर पद्धतीत इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली व खालचा भाग ग्रंथीखाली राहतो. ही पद्धत आता मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

छेद स्तनाखालील घडीत, स्तनमंडलाच्या कडेने किंवा काखेत घेतला जातो. घडीतील छेदातून शल्यविशारदाला आतील जागा नीट दिसते व दुग्धनलिका टाळता येतात. स्तनमंडलाच्या कडेचा व्रण रंगांच्या सीमेवर लपतो, परंतु नलिका व संवेदना यांवर परिणाम होण्याची शक्यता तेथे अधिक असते. काखेतील छेदामुळे स्तनावर व्रण राहत नाही.

== कर्करोगानंतरची पुनर्रचना ==

स्तन काढून टाकल्यानंतर ग्रंथी व चरबीचे आवरण फारसे उरत नाही. त्यामुळे नैसर्गिक रूप मिळवणे स्तनवर्धनापेक्षा कठीण असते. अनेकदा प्रथम ऊती-विस्तारक ही फुगवता येणारी पिशवी बसवून त्वचा काही आठवडे हळूहळू ताणली जाते व नंतर कायमचे इम्प्लांट बसवले जाते. किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये आवरण आकसण्याचे प्रमाण वाढते. पोट किंवा पाठीवरील स्वतःच्या ऊती वापरून केलेली पुनर्रचना हा त्यावर पर्याय आहे. तिच्यात शस्त्रक्रिया मोठी असते, पण स्तन मऊ राहतो आणि वजनाबरोबर बदलतो. इम्प्लांटच्या कडा झाकण्यासाठी शरीराच्या अन्य भागातील चरबी टोचण्याची पद्धतही वापरली जाते. शस्त्रक्रिया नको असलेल्या स्त्रिया ब्रामध्ये ठेवण्याचा बाह्य कृत्रिम स्तन वापरू शकतात.

== धोके ==

इम्प्लांटभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. ही सर्वसामान्य प्रतिक्रिया आहे. काही स्त्रियांमध्ये हे आवरण घट्ट होऊन आकसते. बेकर वर्गीकरणात त्याच्या चार श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत स्तन मऊ व नैसर्गिक राहतो, दुसऱ्या श्रेणीत किंचित कडक लागतो, तिसऱ्या श्रेणीत आकार बिघडलेला दिसतो आणि चौथ्या श्रेणीत वेदनाही होतात. अन्य धोक्यांत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, संवेदनेतील बदल, सुरकुत्या, इम्प्लांट सरकणे किंवा फाटणे, स्तनपानात अडथळा आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे यांचा समावेश होतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये इम्प्लांट आणि अॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा यांच्यातील संभाव्य संबंधाकडे लक्ष वेधले. हा स्तनाचा नव्हे, तर रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशींचा कर्करोग असून तो बहुधा इम्प्लांटभोवतीच्या द्रवात किंवा आवरणात आढळतो. शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी स्तनाला अचानक आलेली सूज हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. लवकर निदान झाल्यास इम्प्लांट व संपूर्ण आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. या कारणास्तव २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने विशिष्ट खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली.

थकवा, सांधेदुखी, स्मरण व एकाग्रतेच्या तक्रारी अशा लक्षणांना काही स्त्रिया इम्प्लांटजन्य आजार म्हणतात. त्यासाठी निश्चित निदान चाचणी नाही. इम्प्लांट काढल्यावर काही स्त्रियांना आराम पडल्याचे आढळले आहे.

== टिकाऊपणा आणि तपासणी ==

इम्प्लांट आयुष्यभर टिकणारे साधन नाही. ते जितका काळ शरीरात राहते, तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते. वय, वजन व गर्भारपण यांमुळे मूळ स्तनही बदलत राहतो, त्यामुळे सुरुवातीला नैसर्गिक दिसणारे रूप पुढे तसेच राहीलच असे नाही. इम्प्लांट काढल्यानंतर स्तन पूर्ववत होत नाही. त्वचा सैल किंवा खोलगट राहू शकते.

सिलिकॉन इम्प्लांट फाटल्यास अनेकदा कोणतेही लक्षण दिसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०२१ च्या शिफारशींनुसार शस्त्रक्रियेनंतर ५ ते ६ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी करावी व त्यानंतर दर २ ते ३ वर्षांनी ती पुन्हा करावी. त्याच वर्षी या प्रशासनाने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतील इशारा आणि रुग्णाने डॉक्टरांसह वाचून स्वाक्षरी करावयाची निर्णय-सूची अनिवार्य केली. मॅमोग्राफीपूर्वी इम्प्लांट असल्याची माहिती देणे आवश्यक असते, कारण अशा स्तनाची चित्रे इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने घ्यावी लागतात.

== भारतातील स्थिती ==

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियमन वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार होते व केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना ही त्यासाठीची केंद्रीय यंत्रणा आहे. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. ही या क्षेत्रातील मान्यताप्राप्त अतिविशेष पदवी आहे.

स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग असल्याने इम्प्लांटचा प्रश्न येथे केवळ सौंदर्यापुरता मर्यादित नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार रूप बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र या वगळणुकीच्या बाहेर ठेवलेली आहे. पुढील शस्त्रक्रिया व तपासण्यांचा खर्च हा स्तनवर्धनाच्या निर्णयाचाच भाग ठरतो.

इम्प्लांटबरोबर उत्पादकाचे नाव, प्रकार, आकारमान व अनुक्रमांक असलेले ओळखपत्र दिले जाते. एखादे उत्पादन बाजारातून परत घेतले गेल्यास आपल्या शरीरात तेच आहे का, हे रुग्णाला या पत्रावरून कळते. त्यामुळे ते जपून ठेवणे महत्त्वाचे मानले जाते.

== हेही पाहा ==

* प्लास्टिक सर्जरी
* स्तनाचा कर्करोग
* मॅमोग्राफी
* सिलिकॉन